रश्मीले हा पिक्चर दाखवावा का

९ नोव्हेंबर, रविवार

औंदापासून डायरी लिहाचं ठरवलं होतं. औंदा संपत आलं, तरी हरकत नाही.

आज नीलमचा फोन आला. तिनं केला, मी नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

विषय असा. आमच्या सुरतेच्या थेटरात शुक्रवारी एक घरगुती पिक्चर लागला. नाव लांबलचक आहे, आमी स्टाफचे लोक त्याले पापावाला म्हणतो. नीलमच्या माहेरी अकोल्यालेही लागला. रश्मीच्या वर्गातल्या पोट्ट्या पाहून आल्या, आता तिलेही पाहाचा आहे. नीलम म्हणे, घरगुती आहे म्हणतात पण रडारड लय आहे म्हणतात. तुमी थेटरात असता, तं पाहून सांगा, लेकराले दाखवाजोगा आहे का नाही.

ती माहेरी जाऊन बसली तवापासून तिनं मले कशातच विचारलं नव्हतं. रश्मीची शाळा कोणती, नाही विचारलं. टायफॉइड झाला, तो उतरल्यावर सांगतलं. आज विचारलं. याचा अर्थ गाडी रुळावर येऊन राहिली. रश्मीले अन् तिले सुरतेले आणाचं, हे यंदा होऊनच जाते.

मी म्हणालो, दोन दिवसांत रिपोर्ट देतो. आवाज भारी ठेवला.

निश्चय : पिक्चर पूर्ण पाहाचा, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. कोणाच्या तोंडून ष्टोरी ऐकाची नाही. ट्रेलर, पोस्टर काही पाहाचं नाही, त्यानं मत खराब होते. तंबाखूचा खर्रा बंद. सुरतेत खर्रा भेटत नाही, मावा भेटते. मावाही बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली पंधरा मिनिटं पाह्यली. सुरुवात चांगली झाली.

आमचं काम असं आहे की पिक्चर चालू झाला की बॅटरी घेऊन आत जायचं, उशिरा येणाऱ्याले सीट दाखवाची. मग बाहेर. इंटरव्हलले दरवाजे उघडाचे. मग एकदम शेवटी कचऱ्याच्या थैल्या घेऊन आत, भिंतीले उभं राहाचं, लाइट लागला की झाडू घेऊन भिडाचं. मधला पिक्चर आमच्यासाठी नसतेच. पण इथं लागलेल्या सगळ्या पिक्चरची सुरुवात अन् शेवट मले पाठ आहे.

घरी मॅनेजर लाइनमधी आहो असं सांगतलं आहे. लाइन तीच आहे. मी तिच्या या टोकाले आहो.

सुरुवात अशी. दाढीवाला जवान बाप, बायको, लहान पोरगी. बाप कमवाले परगावी निघते. स्टेशनावर पोरीले म्हणते, दोन महिन्यांत येतो. तिथंच एका बाईनं रुमाल काढला. मले काही वाटलं नाही. बडनेऱ्याहून निघालो तवा मीही दोनच महिने म्हणालो होतो. सगळेच म्हणतात, तसा रिवाजच आहे. माणूस कमवाले नाही जाईन तं काय घरी बसून राहीन.

आतापर्यंत लेकराईले दाखवाजोगा आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिकीट खिडकीवरच्या टीव्हीत नियम दिसला : यूए सात प्लस. सरकारनंच निकाल लावला, माझं काम वाचलं. नीलमले फोन केला. म्हणालो, सातच्या वरच्या लेकराईचा पिक्चर आहे, रश्मी सहाची, पुढच्या साली पाहू.

  नीलम म्हणे, ती आठची झाली. तिसरीत आहे. अन् फोन ठेवला.

आता हे मले कोणी कळवाचं? केक कापला तवा व्हिडिओ कॉल लावला होता, असं नीलम मागं म्हणे. शोची वेळ असन. लेकरं अशी न सांगता वाढतात अन् नाव बापाचं खराब होते.

खात्री कराले वलगावले मायले फोन केला. विचारलं, रश्मी केवढी झाली असन. माय म्हणे, तू पाहून गेला तवा तुह्या गुडघ्याले लागे. आता तुले ओलांडून जाईन, तू असाच झोपून राहिला तं. मायची बोलाची तऱ्हाच तशी. मग आवाज हळू करून म्हणे, पोरा, अकोल्याले जाऊन ये, लवकर जाय. काहून म्हटलं, तं म्हणे, जाय म्हटलं ना. म्हाताऱ्या माणसाले उगाच घाई असते.

दिवाळीत जाणारच होतो. पण दिवाळीत थेटराचा सीझन असते. आता नाताळ गेला की जातो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज रश्मी स्वतः बोलली. पिक्चरचं काय झालं, पप्पा? म्हटलं, तपासणी चालू आहे. म्हणे, वर्गात सगळ्याईचा पाहून झाला. म्हटलं, सगळ्याईचे बाप थेटरात नाहीत, तुहाच आहे. यावर तिनं विषयच बदलला. प्रभाव पडला.

मग सायकलीचं निघालं. स्वप्निलकाकानं तिले सायकल शिकवली. हा स्वप्निल म्हणजे जुन्या शहरात मामाजीच्या, म्हणजे माझ्या सासऱ्याच्या, गल्लीतच राहते, कृषी विद्यापीठात क्लार्क आहे. बायको वारली बिचाऱ्याची. मोठा कामाचा माणूस. नीलम दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, तिची सुट्टी झाली की हा तिले गाडीवर घरी आणून सोडते. रश्मीचा अभ्यास घेते. टायफॉइडमधी रात्रीचं जागणंही यानंच केलं म्हणते.

मी तिथं असतो तं हेच सगळं केलं असतं. म्हणजे हिशोबानं तो माझंच काम करून राहिला. रश्मीजवळ त्याले नमस्कार सांगतला. म्हटलं, असंच लक्ष ठेवा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुट्टी. स्टाफ पासवर सकाळचा शो पूर्ण पाहाचा, हे काल पक्कं केलं होतं. अलार्मही लावला. तो वाजला असन.

दुपारी उठलो तवा रूमवाले पोट्टे समुद्रावर निघाले होते. सारखं थेटर थेटर करून डोकं चालत नाही. मोकळ्या हवेत निर्णय चांगला होते. गेलो.

निर्णय झाला नाही. मावा पुन्हा चालू झाला, पण आजच्यापुरता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेवटची दहा मिनिटं ध्यान देऊन पाह्यली. एकदम सॉलिड.

पोरगी मोठी झाली, तिचं लग्न आहे. बाप मांडवात उभा आहे. आता दाढी नाही, चश्मा आहे, केस पांढरे. मेकअपवाल्यानं कमाल केली आहे, माणूस वळखूच येत नाही. उंचीसुद्धा कमी झाल्यासारखी वाटते. माणूस परगावी राबून राबून असाच खचते, हे बारकाईनं दाखवलं आहे. पोरगी त्याच्या गळ्यात पडते अन् म्हणते, पापा, तुमच्यासारखा बाप सगळ्याईले भेटो. पूर्ण हॉल रडे. म्हणजे इतकी वर्षं दूर राहिला तरी शेवटी पोरगी त्याचीच. हेच मी नीलमले सांगून राहिलो दोन वर्षांपासून.

एकच चूक आहे. शेवटी गेटपाशी एक दाढीवाला माणूस बॅग घेऊन उभा दाखवला आहे. कोणी बाई त्याले पाणी देते, तो पिते अन् निघून जाते. तो कोण, कशाले, काही समजत नाही. कुरिअरवाला असन. फालतू रोल आहे, कापाले पाहिजे होता.

झाडताना लेकराईच्या सीटखालचे पॉपकॉर्नही पाह्यले. ही माझी स्वतःची पद्धत आहे. लेकरू भेलं तं पॉपकॉर्न सांडते, बोअर झालं तं फेकते, आवडला तं डबा चाटूनपुसून साफ. आज बहुतेक डबे साफ होते. दोन-तीन सांडले होते, पण ते मोठ्याईच्या सीटपाशी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुलदीप आमचा सुपरवायझर. मी पापावाल्याची तपासणी करून राहिलो हे त्याले समजलं. म्हणे, सुगत, दोपहर का शो पूरा देख ले, तेरे दो स्क्रीन मैं सँभाल लूँगा. बच्ची का मामला है. पिक्चर पाह्यला आहे त्यानं, बायकोलेकराईसोबत. म्हणे, मधीच खरा पिक्चर आहे, इंटरव्हलच्या नंतर तं..

मी कानावर हात ठेवले. म्हटलं, दुसऱ्याच्या मतावर चालणारा मी नाही. अन् इतकी वर्षं या लाइनमधी काढल्यावर सुरुवात अन् शेवट पाह्यला की मधलं आपोआप समजते. इकडून बाप गेला, तिकडून बाप आला. मधी काय होणार? पैसे पाठवले असतील, गाणं असन.

कुलदीप म्हणे, तेरी मर्जी. त्याले वाईट वाटलं. सुपरवायझरले खालच्या माणसाची हुशारी सहन होत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रिपोर्ट पाठवला. लिहिण्यात मजा नाही म्हणून आवाजात पाठवला. तीन वेळा रेकॉर्ड केला, तिसऱ्यांदा चांगला जमला. इथं उतरवून ठेवतो, पुढं कामी पडन.

नीलम, मी पिक्चर बारीक तपासला आहे. रश्मीले बेशक दाखव. रडणं आहे, पण चांगलं रडणं आहे. तिले बाजूले बसवून सांगजो, की शेवटी जो चश्मेवाला बाप आहे ना, त्याच्याकडे पाह्य. असा बाप नशिबानं भेटते, त्याले घट्ट धराचं. अन् गेटपाशी बॅग घेऊन जो उभा आहे, त्याच्याकडे ध्यान द्याचं काम नाही, तो कोणीच नाही. तुमी दोघी एकट्या जाऊ नका, गर्दी असते, स्वप्निल सरले सोबत घ्या. त्याईनंही पाहाले पाहिजे. मामाजीलेही ऐकव हे.

शेवटी आवाज थोडा भरून आला. तो तसाच ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन निळ्या टिक आल्या, म्हणजे ऐकला. उत्तर नाही. तयारी चालू असन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नीलमचा फोन. काल सगळे जाऊन आले. तिचा आवाज बसलेला होता. म्हणे, तुमी खरंच पाह्यला ना हा पिक्चर? म्हटलं, तीनदा. म्हणे, शेवटही? म्हटलं, शेवट तं मले पाठ आहे. म्हणे, अन् तरी तुमी म्हणता रश्मीले असं सांग म्हणून? म्हटलं, तरी काय, त्याच्यासाठीच म्हणतो. मनापासून म्हणतो.

ती रडाले लागली. मग म्हणे, मी तुमाले वळखलंच नव्हतं.

नऊ वर्षांचा संसार अन् आज वळखलं. उशीर झाला पण झालं. एका पिक्चरनं जे होते ते दहा बैठकींनी होत नाही. आता ती येते. संध्याकाळी शोच्या मधी बाहेर जाऊन एक खोली पाहून आलो. खिडकी नाही, पण मोरी आतमधी आहे. मालकाले सांगतलं, फॅमिली येऊन राहिली. रश्मीसाठी जवळची शाळा विचारली. गुजराती आहे. शिकन, आठची आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मामाजीचा फोन. किसनराव म्हणजे माझे सासरे, एसटीतून रिटायर, मले कधी चार शब्दांच्या वर बोलले नाहीत. आज थांबतच नव्हते.

म्हणे, सुगतराव, मी डेपोत जिंदगी काढली, लय माणसं पाह्यली, पण असं मन नाही पाह्यलं. म्हणे, नीलमचं अन् स्वप्निलचं जमवाव हे आमी उन्हाळ्यापासून मनात धरलं होतं, पण तुमाले कसं सांगाव म्हणून तोंड लपवून होतो. रश्मीले कसं समजवाव हाही घोर होता. म्हणून तं नीलमनं तुमाले पिक्चरचं विचारलं, तुमी काय म्हणता ते पाहाले. अन् तुमी स्वतःच पोरीले सांगतलं, या बापाले घट्ट धर म्हणून. पोरीनं दोनदा लावून ऐकलं. स्वप्निल तं उठून बाहेर गेला डोळे पुसाले. म्हणे, स्वतःले कोणीच नाही म्हणाले एवढं मोठं काळीज लागते.

म्हणे, आता रविवारी येऊन जा, वकिलाकडचं समजुतीनं करून टाकू, भांडण नाही, काही नाही.

मी हो हो म्हणत होतो. फोन ठेवल्यावरही म्हणत होतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कुलदीपले म्हटलं, मधलं सांग. त्यानं काही विचारलं नाही, सांगतलं.

दाढीवाला असली बाप. तो जाते अन् येतच नाही, नुसते फोन करते. इंटरव्हलनंतर माय दुसऱ्याशी लग्न करते, तो चश्मेवाला. पोरगी आधी त्याच्याशी बोलत नाही, ताट सरकवून देते. मग तिले ताप येते, तो रातभर बसून राहते. असं हळूहळू. लग्नात असली बाप येते, तो गेटवाला. पोरगी त्याले वळखत नाही. पाणी पिऊन निघून जाते. कुलदीप म्हणे, पूरा हॉल वहीं पे रोता है.

मी त्याच वेळी थैल्या उघडत असतो. आवाज होते म्हणून लोक ओरडतात.

पोस्टर जाऊन पाह्यलं. दोन माणसं आहेत. नावंही दोन आहेत. मोठी लिहिली आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पापावाला उतरला, त्या जागी मारामारीचा लागला.

शांत डोक्यानं विचार केला. अजून काही गेलं नाही. एकच वाक्य बोलाचं आहे : मी मधला पिक्चर पाह्यलाच नव्हता. बस. सगळी समजूत तिथंच मोडते. मग नीलमसमोर बसतो, नीट मागतो. आतापर्यंत मी तिले फक्त सांगत आलो, मागतलं कधी नाही.

आता अडचण एवढीच. विचारतील, थेटरात असून काहून नाही पाह्यला? मग झाडूचं निघन. मॅनेजर लाइनचं निघन. रश्मी तिथंच असन. तं ते अशा तऱ्हेनं मांडाचं की खरंही होईन अन् इज्जतही राहीन. गाडीत सुचन. वेळ लय भेटते गाडीत.

३० नोव्हेंबर, रविवार. अकोल्याहून परत निघताना, स्टेशनावर

गाडीत झोप लागली होती.

घरी गेलो तं बेसनाच्या पाटोडीची भाजी केली होती, पाहुण्यासाठी करतात तशी. मामाजी दारापर्यंत घ्याले आले. स्वप्निल सर आधीच बसले होते, उठून उभे राहिले, माझी बॅग हातातून घेतली. त्याईले चश्मा नाही. मले थोडं बरं वाटलं.

जेवताना मामाजीनं शेजारच्या दोघाईले बोलावून माझी वळख करून दिली. म्हणे, हे आमचे सुगतराव, सुरतेले थेटरात मोठ्या पोस्टवर आहेत. स्वप्निल सर हळूच म्हणाले, भाऊ, एक विचारू का, एवढे पिक्चर येतात, हाच लेकरासाठी बरोबर आहे हे तुमाले कसं समजलं? ताट समोर होतं. यापेक्षा चांगला मोका येणार नव्हता. वाक्य तयार होतं.

मी म्हटलं, अनुभवानं समजते.

सगळ्याईनं माना हालवल्या. भाजी पुन्हा वाढली.

हात धुताना नीलम मागं आली. टॉवेल देताना हळू आवाजात म्हणे, खरं सांगा, पूर्ण पाह्यला होता का तुमी? ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की टॉवेल दोघाईच्याही हातात राहिला. मले वाटते, नाही म्हटलं असतं तं ती तिथंच खाली बसली असती, अन् मग काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.

म्हटलं, हो. पूर्ण.

ती म्हणे, बरं. अन् टॉवेल सोडला.

वकिलाकडं कवा जायचं ते दोन दिवसांआधी फोनवर कळवणार आहेत. मी म्हटलं, माझ्याकडून अडचण नाही. एकदा माणूस मोठ्या मनाचा ठरला की मधीच लहान होता येत नाही.

निघताना रश्मीजवळ बसलो. खरंच मोठी झाली. विचारलं, पिक्चरमधी भेव नाही वाटला? म्हणे, नाही, मले सगळं आधीच समजलं होतं, आजोबाच रडत होते. विचारलं, गेटवरचा माणूस? म्हणे, तो उशिरा आला ना.

मग म्हटलं, नाताळले जनावराईचा एक पिक्चर येऊन राहिला, लेकराईचाच आहे म्हणतात, तरी मी आधी पाहून सांगतो तुले. म्हणे, तुमी नका तरास घेऊ, आमी तिघाईची तिकिटं काढणार आहो.

पहिले मले तू म्हणे. आता तुमी म्हणते. पोरीले वळण चांगलं लागून राहिलं.